दीनानाथ सरांचा रीर

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दीनानाथ सर पस्तीस वर्षं फ्रेंच शिकवत होते. घरीच, जेवणाच्या टेबलावर. उच्चार चुकला की विद्यार्थ्याची धडगत नसे. मी पडलो शेजारी, पण जिन्यात ते मलाही गाठायचे. "हसणं म्हणजे फ्रेंचमध्ये रीर, इटालियनमध्ये रीदेरे, स्पॅनिशमध्ये रेईर. तिघी बहिणी, आई लॅटिन. रोमचं राज्य बुडालं, हसणं टिकलं!" हातात दुधाची पिशवी घेऊन हे कोण ऐकणार? मी ऐकायचो, कारण सर जिना अडवून उभे असत.

त्यांच्या पत्नी हेमाकाकू मात्र फ्रेंचच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. "घरात एक शहाणा पुरे," म्हणायच्या.

गेल्या वर्षी सरांना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, वाचा गेली. काकूंशी बोलायला एक शब्द उरला नाही. सहा महिने त्या घरातून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. शेवटी काकू त्यांना बागेतल्या हास्यक्लबात आणू लागल्या. आम्ही पंधरावीस म्हातारे हात वर करून खोटं खोटं हसायचो, सर बाकावरून बघत बसायचे.

मार्चमधल्या एका सकाळी आमचं हसणं थांबलं आणि बाकावरून खरखर ऐकू आली. क्लब चालवणारे बद्रीनाथ ठसका समजून पाणी घेऊन धावले. मी ओळखलं. "रीर," सर म्हणत होते. मग "रीदेरे". मग "रेईर". जन्मापासूनची मराठी पुसली गेली, आणि विशीत शिकलेले परके शब्द जागच्या जागी! माणसाच्या डोक्यात कुठे काय ठेवलेलं असतं, देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. पण मराठी येईलच याची खात्री नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि अडुसष्टाव्या वर्षी सरांची शिकवणीची वही उघडली. दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो, तर त्या सरांसमोर ताठ बसून वाचत होत्या.

"रीर." आपला साधा, जिभेच्या टोकावरचा र.

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. र इथून काढायचा, म्हणून त्यांनी घशाला बोट लावलं आणि चिडून म्हणाले, "परत!"

मराठीत.

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "रीर," त्या म्हणाल्या.

"परत!"

त्यानंतर अर्धा तास काकूंनी तो शब्द चुकीचाच म्हटला. मुद्दाम.