रस्टला शेजारधर्म शिकवताना

बाळांनो, रस्ट ही संगणकाची फार कडक भाषा आहे, असं तुमच्यातल्या थोरल्याने फोनवर सांगितलं आणि वर "आजी, तुला नाही जमणार" असंही म्हणाला. जळगावच्या शाळेत मी तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलं आहे. कडकपणाचं मला काय कौतुक? रविवारच्या व्हिडिओ कॉलवर चालता प्रोग्रॅम दाखवते, असं बोलून बसले.

माझे दीर, तुमचे नाना आजोबा, तेव्हा धुळ्याहून मुक्कामाला आले होते. त्यांना पायथन ही त्यातली सैल भाषा येते. शेजारी गेलेला आपला कुठला डबा कोणाकडे आहे, हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी चहा निवायच्या आत लिहिला. तोच प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहिताना मला मात्र चार दिवस कंपायलरच पुढे जाऊ देईना. लिहिलेलं तपासून, मनास आलं तरच चालू देणारा तो पहारेकरी.

"वहिनी, हाई भाषा शे का सासू शे?" नानांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"सासूच. पण हिच्या घरात वस्तू हरवत नाही. तुमच्या पायथनमध्ये एकच डबा दोन घरी दिसतोय, नाना."

"मंग? आपल्या गल्लीत तसंच शे."

माझी चूक शनिवारी सापडली. रस्टमध्ये नुसती उसनी दिलेली वस्तू जशीच्या तशी परत यावी लागते. मी तर लिहिलं होतं, शेजारीण डबा लाडू घालून परत करते. आपल्याकडे रिकामं भांडं कोण परत करतं? निदान चिमूटभर साखर तरी असतेच. कंपायलरचं म्हणणं, घेणारी त्यात काही घालणार असेल तर डबा देतानाच तसं जाहीर करा. एका शब्दाचं काम होतं.

"डबा हातात देताना 'भरून आणा' म्हणू? लाज आहे की नाही?"

"मशीनला म्हणायचं शे, वहिनी. शेजारणीला नाही."

मी तो शब्द लिहिला नाही. रविवारी दुपारपर्यंत इतर सगळ्या वाटांनी यंत्राला रीत शिकवत राहिले, यंत्र ढिम्म. तुमचा फोन आला तेव्हा मी नेट गेल्याचं सांगितलं. नेट व्यवस्थित होतं. नानांनीही मागून गंभीर आवाजात दुजोरा दिला आणि फोन ठेवल्यावर पोट धरून हसले.

सोमवारी सकाळी निमूटपणे तो शब्द लिहिला. प्रोग्रॅम लगेच चालला. नाना तोवर धुळ्याच्या बसमध्ये बसले होते. त्यांना मी अजून कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.