दुसऱ्याच्या हातचं: श्रीरामपूर ते अलिबाग

श्रीरामपूरला स्टेशनजवळ माझी खाणावळ आहे. जेवणारे मेंबर तीस, रांधणारी एकटी माझी बायको पारू. धुराने तिचे डोळे इतके सुजले की डॉक्टरांनी मलाच झापलं, "आठवडाभर हिला चुलीपुढून उठवा, नाहीतर डोळे जातील." घरी राहून ती उठणारी नव्हती. म्हणून वहिनीला स्वयंपाकाला बोलावलं आणि आम्ही अलिबागला निघालो. अठरा वर्षं लोकांना वाढणारीला चार दिवस कुणीतरी आयतं वाढावं, एवढाच माझा बेत होता.

मनमाडला गाडी बदलून सकाळी बोरीबंदरला उतरलो. समोरच्या इराण्याकडे ब्रून-मस्का आणि चहा घेतला. लढाई संपली तरी रेशन चालूच, त्यामुळे साखर बेताची. पण मस्का हात सैल सोडून लावलेला. चहा संपला तशी पारूने दोन्ही कपबशा उचलल्या आणि मोरी शोधायला निघाली.

वेटर धावत आला. "बाई, ठेवा ते! तुम्हीच विसळायला लागलात तर मालक मला कशाला ठेवतील?"

तिने कप ठेवले, पण जाता जाता पदराने टेबल पुसलंच.

भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रेवसला जायचं. बोटीत बसण्याआधी पोट गच्च भरू नका. मी भरलं आणि भोगलं. पारू जामखेडकडची, एवढं पाणी जन्मात न पाहिलेली, पण मजेत होती. रेवसहून अलिबागची सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

अलिबागेत बाजारातल्या खाणावळीत बसलो. ताट दहा आण्यांना. मालकाने पारूला विचारलं, "ताई, तुम्हाला काय?"

"ह्यांना इचारा," ती म्हणाली.

मी ऐटीत सांगितलं, "हिला वांगं द्या." आमच्याकडे आठवड्यातून तीनदा वांगं होतं, म्हणजे तिचं आवडतं असणार, असा माझा हिशेब. ती मुकाट्याने जेवली. संध्याकाळी वाळूत बसल्यावर सहज म्हणाली, "मला वांगं आवडत न्हाई."

"मग एवढं करतेस कशाला?"

"मेंबरांना आवडतं म्हनून."

"मग तुला काय आवडतं?"

तिने बराच विचार केला. "आता ध्यानात न्हाई," म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुठल्या मेंबराला तिखट कमी लागतं, कुणाला भाकरी करपलेली चालते, हे मला तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्याजवळच्या, नारळीच्या झापांनी शाकारलेल्या एका खाणावळीत गेलो. तिथे एक म्हातारी कोळीण स्वतः रांधते आणि स्वतःच वाढते. पाटी नाही, पण वासावरून सापडते. ती पळी घेऊन पारूपुढे उभी राहिली. "काय गो बाय, काय वाढू?"

पारूने माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावून गप्प बसलो. म्हातारी तशीच उभी. शेजारचं गिऱ्हाईक भात मागत होतं, त्याला तिने हातानेच थांबवलं.

"तळलेला मासा," पारू हळूच म्हणाली. "आन नुसता भात. कालवन नको."

माहेरी सुक्या बोंबलापलीकडे मासा तिने पाहिलेला नव्हता. सावकाश जेवली, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीने लावला. मग माझ्याकडे न बघता म्हातारीला म्हणाली, "आनखी एक द्या." त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो खाणावळीला पहिला मेंबर मिळाला तेव्हाही झाला नव्हता. उरलेले दोन दिवस आम्ही तिथेच जेवलो.

घरी आलो. डोळ्यांची सूज उतरली होती; वहिनीने भांडी तिच्या हवाली केली आणि ती पुन्हा चुलीपुढे बसली. अलिबाग एवढ्यावरच संपतं की काय, असं वाटलं. गुरुवारी खाणावळ बंद असते. मी धीर करून विचारलं, "आज काय खाशील?"

"तुमाला काय करता येतं?"

"चहा."

"मग पिठलं शिका," ती म्हणाली. "लसून लई घालून. मला आवडतं."

तेव्हापासून गुरुवारचं पिठलं माझ्याकडे आहे. अजून गुठळ्या होतात.  पारू सावकाश जेवते, आणि एकेक गुठळी काढून ताटाच्या कडेला ओळीने लावते.