पहिला घोट

मी प्याल्याला तोंड लावलं आणि अख्ख्या बाकाला एकदम आजार झाला.

माझ्या शेजारी मोठ्या बाई होत्या. शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण. पाद्रीसाहेबांनी प्याला पुढे केला तसा त्यांनी पदर तोंडाला लावला. "आज मला बरं वाटत नाही," त्या म्हणाल्या. पलीकडचे वकीलसाहेब म्हणाले, "मलाही." पाद्रीसाहेब थबकले. मग तो प्याला आतल्या खोलीत ठेवून दुसरा भरून घेऊन आले. बाक खडखडीत बरा झाला.

गिरणीतल्या पट्ट्यात सापडून माझा नवरा गेला होता. त्याला माती देऊन आठवडाही झाला नव्हता.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन. सगळ्यांना द्राक्षारसाचा एकच प्याला. तो पहिल्या बाकापासून निघायचा. ज्यांचे आजे बामणाचे ख्रिस्ती झाले, त्यांचा तो बाक. मग मास्तर, नर्सबाया. शेवटी सतरंजीवर आम्ही, ज्यांचे आजे गावकुसाबाहेरून आले. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. गरजच नव्हती. पण आणखी एक रीत होती. ज्याच्या घरी मयत झाली, त्याने पुढच्या रविवारी पहिल्या बाकाच्या कडेला बसायचं; प्याला असला तर पहिला घोट त्याचा. आमच्या वस्तीतले लोक मयताच्या आठवड्यात देवळात यायचंच टाळत. का, ते मला त्या दिवशी कळलं.

फाटकात मोठ्या बाईंनी मला गाठलं. "पुढच्या रविवारी परदेशी पाहुणे येत आहेत. तू साक्ष दे. एवढ्या दुःखात प्रभूने तुला कसं सांभाळलं, मंडळीने कसा आधार दिला, सगळं सांग."

मी मान डोलावली. राहती खोली मंडळीची होती.

मी धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया होते. त्या आठवड्यात कळमेश्वरकडची एक बाई तिथे नवऱ्याच्या खाटेशी बसलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. ती मला म्हणाली, "तुहाबी माणूस गेला म्हणते. तुह्या देवानं काय केलं वं?"

"वाचवलं नाही," मी म्हणाले. "पण मले सोडलंबी नाही. मी रडून राहिली होती तं तो माह्याजवळ बसून होता."

"मंग माह्या माणसासाठी माग त्याच्याजवळ."

आम्ही पायरीवर बसलो. मी प्रार्थना केली. तिने चहाचा कप माझ्यापुढे धरला. "तू पी आधी. मंग मी."

"माही जात नाही इचारली तुनं."

"मरण दारात बसलं हाये. जात काय इचारू?"

मी अर्धा कप प्यायले. उरलेला तिने घेतला. कप पुसलासुद्धा नाही. मला रडू कोसळलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. येशूचं नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्या बाईला जे जमलं, ते तीन पिढ्यांच्या ख्रिस्त्यांना जमलं नव्हतं.

रविवारी मी उभी राहिले. मोठ्या बाई कौतुकाने हसत होत्या.

"माहा नवरा गेला," मी म्हणाले. "प्रभू माह्यासंग होता. मंडळी नव्हती. मागच्या रविवारी मी प्याल्याले तोंड लावलं अन् हा बाक बिमार पडला. दवाखान्यात एका हिंदू बाईनं माहा उष्टा चहा पेला. तिले काहीच झालं नाही. हीच माही साक्ष."

वकीलसाहेब पाहुण्यांना इंग्रजीत सांगत होते. काय सांगितलं देव जाणे. पाहुणे गोड हसून माना डोलावत होते.

दुसऱ्या दिवशी मंडळीचे पंच दारात. माफी माग, नाहीतर खोली सोड. मी खोली सोडली. हातगाडीवर भांडी घातली आणि इतवारीमागे एका विणकराच्या घरात भाड्याने राहिले. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्यांना वाटलं असणार.

पुढच्या प्रभुभोजनाला मी सगळ्यांच्या आधी देवळात गेले. त्याच बाकावर, त्याच कडेला बसले. मोठ्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "ही जागा शोकातल्या माणसाची असते. तुझा नवरा जाऊन महिना झाला."

"माहा नवरा अजून मेलेलाच हाये, बाई," मी म्हणाले. "तुम्हाले बरं वाटत नसन तं घरी जा."

पाद्रीसाहेब प्याला घेऊन आले. मी तो दोन्ही हातांनी धरला. घोट घेतला.

तेव्हापासून मी तिथेच बसते. पहिला घोट माझा. ज्याला माझं उष्टं चालत नाही, त्याने दुसरा प्रभू शोधावा.