एक दिवा आमच्या अंगाला

"बगून घे रे बाबा, मागून बोलायचं नाय," असं म्हणत ती गेटवर पिशवी उलटी करायची. जेवणाचा डबा, मिसरीची डबी, रुमाल, माझ्या घराची किल्ली. वॉचमन बिचारा मोबाइलमध्ये डोकं खुपसायचा. पिशवी दाखव म्हणून तिला कोणीही सांगितलेलं नव्हतं. रोज दुपारी कामं आटोपली की हा कार्यक्रम ठरलेला. मग सावकाश एकेक वस्तू परत भरून ती घरी जायची.

तुमच्याही सोसायटीत अशी एखादी असेल, बघा. आमच्या वसई पूर्वेच्या इमारतीत ती धुणीभांडी करायची. एका घरातलं कानातलं हरवलं, तेव्हा पहिलं नाव तिचंच निघालं, का, तर ती मागच्या चाळीत राहते. कानातलं पुढे वॉशिंग मशीनच्या रबरात सापडलं. माफी कोणी मागितली नाही. दिवाळीला त्या घरातून फराळाचा डबा मात्र गच्च भरून मिळाला. तिने तो घेतला आणि गेटवर झाकण काढून वॉचमनला दाखवला. मी हसले होते. ती नव्हती हसली.

चाळ काही लांब नाही. आमच्या कंपाउंडची भिंत, भिंतीवर काचा, आणि पलीकडे तिचं दार. तिच्या कुकरची शिट्टी मला घरात ऐकू यायची. तिकडे टँकर येईल तेव्हा पाणी, गटार उघडं, आणि गल्लीत दिव्याचा पत्ता नाही. आमच्या भिंतीवर दिव्यांची रांग, पण सगळे तोंड आत करून, आमच्या गाड्यांवर.

"बाई, तुमच्या गाड्या काय अंधाराला भितात?" ती विचारायची. मी शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून तिची 'बाई'. मी तिला मावशी म्हणायचे. वयाने दोघी सारख्याच.

तिची मुलगी सातिवलीला एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला जायची. घरी परतेपर्यंत अंधार पडायचा, आणि भिंतीलगत तेव्हा गर्दुल्ले बसलेले असायचे. मावशीचं एकच म्हणणं. "एक दिवा आमच्या अंगाला फिरवा ना, बाई. माझी पोर नीट घरी येऊ दे, अजून काय नको."

मी मीटिंगमध्ये विषय काढला.

"त्यांच्या गल्लीचं बिल आपण का भरायचं?" एक जण म्हणाला.

"चोऱ्या तिकडचीच पोरं करतात. त्यांना आपणच उजेड करून द्यायचा?" दुसरा.

"अहो, त्या अंधारात सगळ्यांत आधी तिथल्याच बायका लुटल्या जातात!" मी म्हटलं.

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, तुम्ही फार मनाला लावून घेता. चहा घ्या."

आयुष्यभर पोरांना गप्प बसवलं मी, आणि इथे मलाच गप्प बसवलं. दर मीटिंगला माझा तोच विषय, आणि दर वेळी चहा. वैताग आला हो अगदी.

आणि एका संध्याकाळी त्या भिंतीलगतच कोणीतरी मावशीच्या मुलीचा मोबाइल हिसकावला. तिने सोडला नाही, म्हणून तिला फरपटत नेलं. मनगट मोडलं, कामही सुटलं. अंधारात चोराचं तोंडच दिसलं नव्हतं. पोलीस आले आणि चाळीतल्याच पोरांना चौकशीला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्याकडे भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्याकडं चोरी झाली का आमच्याकडं येतात. आमच्याकडं झाली तरी आमच्याकडंच येतात."

"राहू द्या ती भांडी. बसा जरा," मी म्हटलं. तिने ऐकलं नाही. मला फार वाईट वाटत होतं, आणि तिच्यापुढे ते बोलायचीही सोय नव्हती.

मग दिवा आला! आठवड्याच्या आत आला. उद्या चोर भिंतीवरून आत उतरला तर काय, म्हणून कमिटी घाबरली होती. त्यांनी भिंतीवर कॅमेरा बसवला, आणि कॅमेऱ्याला चाळ नीट दिसावी म्हणून एक दिवा बाहेर वळवला. थेट तिच्या दारावर. वर नियम केला, की कामवाल्या बायकांच्या पिशव्या गेटवर तपासायच्या.

त्या दुपारी मी तिच्याबरोबरच खाली उतरले होते. वॉचमन पायाकडे बघत म्हणाला, "मावशी, पिशवी दाखवा. ऑर्डर आहे."

रोज उलटी करायची ती पिशवी तिने छातीशी धरली.

"मी आपनहून दाखवत होते रे," ती म्हणाली. "यांना लाज वाटावी म्हनून."

तिने पिशवीच्या बंदांना गाठ मारली आणि ती वॉचमनच्या केबिनच्या खिळ्याला अडकवली. "घे. सावकाश बग." आणि हात हलवत निघून गेली. मी हाक मारली, पण ती वळली नाही.

ती पुन्हा आली नाही. मी चाळीत जाऊन आले. मायलेकी विरारला नातेवाइकांकडे गेल्या, असं शेजारीण म्हणाली. विरारला कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.

पिशवी अजून खिळ्यालाच आहे. "बाई, तुमची किल्ली आहे आत, तुम्हीच उघडा ना," वॉचमन म्हणतो. मी दुसरी किल्ली करून घेतली.

संध्याकाळ झाली की भिंतीवरचा दिवा लागतो. कोणाचीही पोर नीट घरी येईल, इतका लख्ख उजेड पडतो गल्लीत. तिच्या दाराला कुलूप आहे.