मालतीचं पांढरं पातळ

मालती बागडेचं रोज सकाळी एक भांडण ठरलेलं असे, आणि ते तिच्या लोखंडी पेटीशी असे. पेटीत पातळं तीन. पहिलं आईचं, राखी रंगाचं, धुऊन धुऊन इतकं विरलेलं की बसताना जपून बसावं लागे. दुसरं नणंदेनं दिलेलं, त्याचा पदर चुलीनं खाल्लेला, म्हणून ते घराबाहेर काढायची सोय नव्हती. तिसरं पांढरं. ते लग्नातलं.

बौद्धांच्या लग्नात नवरी पांढरंच नेसते. मालतीचे वडील मोतीराम पांढुर्ण्याच्या जिनात कापसाच्या गाठी वाहणारे, पण छप्पन्न साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या घरात अर्धवट काही चालत नसे. मुहूर्त नाही, कुंकू नाही, मंगळसूत्र नाही. दोन हार, वंदना आणि पांढरं पातळ, एवढ्यात मालती सौसरच्या देवीदासाची बायको झाली. देवीदास परासियाकडं कोळशाच्या खाणीत. सुट्टी मिळाली की घरी यायचा, नाही मिळाली की यायचा नाही. मालती सासूजवळ सौसरला राही.

त्र्याऐंशी साली तिला बालवाडीची नोकरी लागली तेव्हा प्रशिक्षणासाठी छिंदवाड्याला जावं लागलं. राखी पातळ नेसून गेली. पहिल्याच दिवशी खाली वाकताना मांडीपाशी चर्र झालं आणि तिथं लावलेलं ठिगळ सगळ्यांना दिसलं. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "बालवाड़ी चलाने आई है कि बर्तन माँजने?" सगळ्या हसल्या. मालतीही हसली, कारण अशा वेळी हसण्यावाचून गरिबाच्या हातात काय असतं. पण त्या दिवसापासून तिनं मनाशी गाठ बांधली की नोकरीवर जायचं ते पांढऱ्यातच. कपड्यात काय आहे असं म्हणणाऱ्यांच्या घरी कपडे पुष्कळ असतात, हे मालतीला कोणी शिकवायला नको होतं.

मग ती संध्याकाळी पातळ धुवायची, भाताच्या पेजेची खळ द्यायची, नीळ घालायची, आणि सकाळी तांब्यात निखारे भरून त्याच्या बुडानं घडी न् घडी दाबायची. ते कडक पांढरं अंगावर आलं की तिची पाठ आपोआप ताठ होई. बसमध्ये कंडक्टरसुद्धा "सरको बाई" न म्हणता "ज़रा सरकिए मैडम" म्हणे. ही मालतीची सगळी श्रीमंती.

बालवाडीचं गाव सौसरहून आत, संत्र्याच्या बागांचं. खोली ग्रामपंचायतीची, आणि ती नेमकी अंबाबाईच्या घराच्या वाटेवर. अंबाबाई म्हणजे गावातलं मोठं घर. ऐन तिशीत नवरा गेला, तेव्हापासून बाग, गडी, मुलगा, सून सगळं तिच्या मुठीत. तोंडानं फटकळ, पण उपाशी माणूस दारातून जाऊ देणार नाही. पहिल्याच आठवड्यात तिनं मालतीला हाक मारून घरात नेलं, सरळ चुलीपाशी पाट टाकला, आणि तिच्याकडं पाहत राहिली. कपाळ कोरं, गळा रिकामा, हातात एकेक प्लास्टिकची बांगडी, अंगावर पांढरं.

"एवढ्या कोवळ्या वयात हे पांढरं आलं व माय तुह्या वाट्याले," अंबाबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मालतीला काय झालं ते लगेच कळलं. तोंड उघडून ती सांगणारही होती. पण तेवढ्यात अंबाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कपबशी पुढं केली. चांगल्या, फुलांच्या नक्षीची कपबशी, पाहुण्यांची. आडनाव बागडे, ते सवर्णांतही सापडतं आणि बौद्धांतही. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मालतीनं कप उचलला. चहात आलं होतं. आजवर अशा घरांच्या ओट्याच्या आत तिला कोणी घेतलं नव्हतं, आणि इथं चुलीपाशी बसवून वर डोळे पुसत होतं. तोंडातला शब्द चहाबरोबर खाली गेला.

एकदा गिळलेला शब्द दुसऱ्या दिवशी आणखी जड होतो. मग रोज चहा होऊ लागला. कधी भाकर, कधी परसातली संत्री. अंबाबाई म्हणाली, "मले बाई नको म्हणू, माय म्हण," म्हणून ती माय म्हणू लागली. संक्रांत आली तशी अंबाबाई म्हणाली, "हळदीकुंकू सकाळी हाय. आपल्यासारख्यायनं तिथं जाऊ नये. तू दुपारून ये, आपण दोघी बसू." आपल्यासारख्या. मालतीच्या उभ्या जन्मात वरच्या जातीच्या बाईनं तिला आपल्यात धरलं नव्हतं. धरलं ते नवऱ्याच्या मरणापोटी, आणि नवरा तर खाणीत धडधाकट कोळसा फोडत होता. लाज वाटली नाही असं नाही. वाटली, पण ती दुपारी गेली, तिळाचा लाडू खाल्ला, आणि अंबाबाईच्या नवऱ्याच्या आठवणी ऐकताना स्वतःही डोळ्याला पदर लावला.

गावात एक बाई मात्र पहिल्या दिवशीच समजली होती. पुष्पा, बौद्ध वस्तीतली. पोराला सोडायला आली तेव्हा मालतीच्या पातळाचा काठ तिनं चिमटीत धरला.

"लग्नाचं होय ना हे?"

"हो."

"माहंही असंच होतं," पुष्पा म्हणाली. तिला कपाळ, गळा काही पाहावं लागलं नाही. आपली बाई आपल्याला न सांगता कळते. गावात मालतीला विधवा समजतात हे काही दिवसांत तिच्याही कानावर आलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "सांगून टाक व बाई. त्याइले नाही त घरधन्याले तरी." मालती म्हणाली, सांगते. आणि सांगितलं नाही.

होळीच्या आधी देवीदास सुट्टीवर आला तो पांढुर्ण्याच्या बाजारातून पातळ घेऊन. गर्द हिरवं, लाल काठाचं. बायकोच्या कपड्यातलं त्याला काही कळत नसे, पण या वेळी त्यानं नेमकं उचललं होतं.

"रोज तेच नेसून राहिली. लोक म्हणत असतीन बागडेबाईचा नवरा काही आणतच नाही," तो म्हणाला.

लोक काय म्हणत होते ते मालतीला चांगलं ठाऊक होतं. तिनं पातळ अंगाला लावून पाहिलं. सासू म्हणाली, दिसतं. तिनं घडी घातली आणि पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी नोकरीवर निघाली ती पांढऱ्यातच. देवीदास दारात उभा होता. त्याचं तोंड उतरलं, आणि ते तिनं पाहिलं. हिरवं नेसलं तर चहा जाईल, चुलीजवळचा पाट जाईल, माय जाईल. पांढरं नेसलं तर रोज सकाळी जिवंत नवऱ्याला घरात मारून बाहेर पडायचं. हा हिशेब तिला कळत नव्हता असं नाही. फक्त चहा गोड होता.

त्या दिवशी अंबाबाईच्या अंगणात संत्र्यांची निवड चालली होती. रोजानं आलेल्या बाया लहानमोठी वेगळी करत होत्या, त्यांत पुष्पाही होती. मालती आत, चुलीपाशी. चहा झाला तशी सून प्रेमलता बाहेर गेली, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून पुष्पाला तिचा पेला घ्यायला सांगितला, आणि वरून चहा ओतला. हातभर अंतर ठेवून. थोडा पुष्पाच्या बोटांवर सांडला. तिनं हात झटकला नाही, झटकला असता तर पेल्यातलाही गेला असता. मग तिनं वर पाहिलं, आणि दारातून थेट तिला मालती दिसली. पाटावर बसलेली, हातात फुलांची कपबशी.

पुष्पानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवून चहा प्यायली. मालतीचा कप ओठांपाशीच थांबला. "चटका लागला का व?" अंबाबाईनं मायेनं विचारलं. तिच्या मायेचा मालतीला त्या क्षणी इतका राग आला की कप आपटावा असं वाटलं. आपटला नाही. बशीत ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी ती हिरवं नेसली. कोऱ्या पातळाच्या निऱ्या हातात राहत नव्हत्या, तीनदा सोडून पुन्हा घातल्या. देवीदास खाटेवर बसून पाहत होता, आणि इतका खूश होता की त्याच्याकडं बघवत नव्हतं. बसमध्ये मालतीला वाटलं, सगळी बस आपल्याकडंच पाहते आहे. पाहत कोणी नव्हतं. पण गावात शिरली तशी खरंच पाहू लागले.

अंबाबाई ओट्यावर होती. तिनं मालतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, हात धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"पाट लावला का व कोणाशी?" तिनं हळू आवाजात विचारलं. "लावला असन त मी काही बोलत नाही. मले कोणी लावू देल्ला नाही, म्हणून काय तुह्यावर जळू? कोवळं वय हाय. दुसरा घरधनी केला, बरंच केलं."

हे एवढं मोठं मन त्या बाईचं होतं. खरं सांगायचं तर म्हणूनच पुढचं सगळं जास्त वाईट आहे.

"पाट नाही लावला, माय," मालती म्हणाली. "माहा नवरा जिताच हाय. खाणीत कामाले हाय. ते पांढरं माह्या लग्नातलं होय. आमच्याइथं नवरी पांढरंच नेसते."

"आमच्याइथं म्हंजे कोणाइथं?"

"बौद्धाइथं."

अंबाबाईचा हात तिच्या हातावरून निघाला. तिनं चुलीकडं पाहिलं, पाण्याच्या घागरींकडं पाहिलं, पाटाकडं पाहिलं. साऱ्या हिवाळ्यात ही कुठं कुठं बसली, काय काय शिवली, ते ती आठवत असावी.

"मंग सांगतलं काऊन नाही?"

हा सवाल खरा होता. ती म्हणाली, "चुकलं माय."

"माय म्हणू नको."

अंबाबाईच्या तोंडावर राग होता, पण नुसता रागच नव्हता. काहीतरी गमावल्यासारखी ती दिसत होती. ती म्हणाली, "तू विधवा होती तेच बरं होतं."

"माहा नवरा जिता निघाला याचं एवढं वाईट वाटून राहिलं तुमाले?" मालती म्हणाली. आवाज चढला नाही. अंबाबाई दार उघडून बाजूला झाली, चांगली दोन हात बाजूला. मालती बालवाडीच्या खोलीपर्यंत पोचली नव्हती तोच मागं प्रेमलता स्वयंपाकघर धूत असल्याचा आवाज आला.

त्या दिवशी बालवाडीत फक्त वस्तीतली पोरं होती. बाकीच्यांच्या आया पोरांना अर्ध्या वाटेतून घेऊन गेल्या. दुपारी पुष्पा आली, हिरव्या पातळाकडं पाहून म्हणाली, "शोभून राहिलं," आणि मालतीजवळ जमिनीवर बसली. पुढं मालतीनं त्या गावात किती तरी वर्षं काढली. हळूहळू मोठ्या घरांची पोरंही आली, कारण बालवाडीत दलिया मिळायचा. पण अंबाबाई तिच्याशी पुन्हा बोलली नाही. मालतीनंही ओट्याकडं न पाहता, पाठ ताठ ठेवून, रंगीत नेसून तिथून जायचं शिकून घेतलं. त्याला हिंमत म्हणा. त्या हिमतीची किंमत काय पडली ते तिचं तिला माहीत.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी ती सौसरला उतरली तर देवीदास बसस्टँडवर उभा. दाढी केलेली, पांढरा शर्ट. बायकोला हिरव्यात येताना बघायचं म्हणून आला होता.

"काय म्हणल्या गावातल्या बाया?"

शोभतं म्हणाल्या, असं सांगून टाकता आलं असतं. मालतीला खोटं गिळायची सवय झालीच होती. पण आज ते गिळवेना.

"तिथं साऱ्यायले मी विधवा वाटत होती," ती म्हणाली. "पांढरं पाहून. मले समजलं होतं, तरी मी बोलली नाही. तुमाले मारून मी त्या घरी बसून चहा पेली. सारा हिवाळा. आज सांगून टाकलं तुमी जिते हा, त त्यायनं घर धुतलं."

देवीदास रागावेल, हात उगारेल, काहीही करेल असं तिला वाटलं. तो हसला, आणि ते हसू तिला बघवलं नाही.

"मी रोज खाली उतरतो, मालती," तो म्हणाला. "छत केव्हा बसन याचा नेम नाही. खरंच मेलो त लय मान भेटन मंग तुले तिथं."

मालतीनं भर बसस्टँडवर त्याच्या तोंडावर हात ठेवला. पदर खांद्यावरून सरकला, तिनं तो सावरला नाही. लोक थांबून पाहू लागले, तरी तिनं हात काढला नाही.