एकट्यानं उचलता येईल ती

लातूरच्या आमच्या गल्लीतल्या चाचांनी मला मदत केली, हे आधी सांगतो. बाकीच्यांनी काय केलं ते नंतर. चाचा मोटारसायकलचे मिस्त्री. कुठली गाडी घेऊ, असं कुणी विचारलं की ते जुनी पोती अंथरून एखादी गाडी त्यावर आडवी पाडायचे आणि म्हणायचे, "उठव. एकट्यानं."

मी देगलूरचा. नववीत शाळा सोडून लातूरला टायरच्या दुकानात लागलो. घर लांब, ओळखपाळख नाही, सतत धाकधूक. हिमाचलला निघालेल्यांची टायरं बदलता बदलता मलाही वाटायला लागलं, एकदा तिथल्या स्पितीच्या बर्फाळ डोंगरात जावं. एकट्यानं.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडं गाडी घ्यायला चारजण जातात आणि ज्याला चालवायची त्यालाच कुणी विचारत नाही. माझ्यासोबत मालक, त्यांचे मेव्हणे आणि दोन दोस्त. सगळ्यांनी मिळून शोरूममधली सगळ्यात मोठी गाडी ठरवली. मी बसलो तर टाचा अधांतरी.

"पाय पुरत नसतील तर स्कूटी घ्या की!" विकणारा म्हणाला. मेव्हणे खदाखदा हसले.

"लोकांनी वळून बघायला पाहिजे," मालक म्हणाले. "तुला काय कळतंय, नववी नापास!"

नापास नव्हतो हो मी! वडिलांचा पाय मोडला म्हणून शाळा सुटली होती. आजही आठवलं की डोकं तापतं. तेव्हा मात्र उद्या बुकिंग करतो म्हणालो.

संध्याकाळी चाचांकडं गेलो, सगळं सांगितलं. तसलीच मोठी गाडी दुरुस्तीला आलेली. त्यांनी आडवी पाडली. मी तीनदा जोर लावला, हलेना.

चाचा भडकले. "डोंगरात ते चौघं येनार हायत का उचलायला? बसनार तू, पडनार तू, आन् पसंत ते करून राहिले?"

मग एक हलकी गाडी पाडली. ती उठली.

"आता कुनाला इचारू नको, बेटा. मलाबी नको."

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो आणि हलकी गाडी घेतली. दोस्त म्हणाले, "दूधवाला झालास!" मालक आठ दिवस बोलले नाहीत.

स्पितीत ओढे ओलांडताना तीनदा पडलो. आसपास चिटपाखरू नव्हतं. तिन्ही वेळा गाडी मीच उचलली.

सांगायला परत आलो, तर गॅरेजला कुलूप. गुडघे गेले म्हणून मुलीनं चाचांना नांदेडला नेलं होतं. साऱ्या गल्लीला रस्त्याला लावणाऱ्या या माणसाला कुणी कधी, चला चाचा, बसा मागं, असं म्हटलं नाही. मीसुद्धा नाही.

एक दिवस नांदेडला जाईन, त्यांना मागं बसवीन आणि बर्फ दाखवून आणीन. मुलगी नको म्हणाली तरी.