हजेरी मॅडम

स्क्रीन उघडली की बाकीचे, कोणी काय लिहिलंय ते वाचत. मॅडम आधी बघत, कोणी लिहिलेलं नाही. म्हणून मुलं त्यांना हजेरी मॅडम म्हणायची.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरजवळ भिंगारला माझा कॉम्प्युटर क्लास होता. पारनेर आणि देवळाली प्रवरा इथे शाखा. मॅडम भिंगारला शिकवत. संध्याकाळी फोनच्या लाईनला मोडेम जोडला की तिन्हीकडच्या मुलांचे प्रश्न आणि उत्तरं एका चर्चाफलकावर दिसत. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली. हा फलक मी उभा केला असं नगरमध्ये अजून सांगतात, आणि मी ते ऐकून घेत आलो. मी फक्त मोडेम आणला. माणसं मॅडमनी जमवली.

त्यांचा एक शिरस्ता होता. नव्याचं स्वागत शिक्षकाने करायचं नाही. त्याच्या आधी जो शेवटचा आला असेल त्याने करायचं. "काल जो घाबरला होता, त्यालाच आज काय बोलावं ते कळतं," असं त्या म्हणत. पारनेरच्या एका मुलाने लिहिलं, "आमी नवीन हाय, चुकलं तर हसू नका." देवळालीहून उत्तर आलं, "हसनारच. मी माऊस उलटा धरला तवा समदे हसले. आता मीच दुसऱ्यांना शिकिवतो." त्या मुलाने मग रोज लिहिलं.

पुढे अभ्यासक्रमाची तपासणी करायला पुण्याहून साहेब येणार होते. लाईट आली का, ऊस तुटला का, आईचा पाय कसा आहे, असलं फलकावरचं सगळं मी मॅडमना पुसायला सांगितलं.

"हा क्लास आहे मॅडम, कट्टा नाही."

"कट्ट्यावर लोक न बोलावता येतात, सर."

त्यांनी पुसलं नाही. मी स्वतः बसून पुसलं. साहेब खूश होऊन गेले, आणि त्यानंतर पारनेरहून एकही प्रश्न आला नाही. मॅडम रविवारी एसटीने तिकडे गेल्या. तो मुलगा त्यांना म्हणाला, "आमचं लिवलेलं पुसलं, म्हंजी आमी तिथं नको हाय."

परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही दोन ओळी लिहा, सर. चुकलो म्हणा. येतील मुलं." मी संचालक होतो. मी लिहिलं नाही. हळूहळू देवळालीही गप्प झाली.

काही महिन्यांनी मॅडमच्या यजमानांची भिंगार कॅन्टोन्मेंटमधून बदली झाली. मॅडम गेल्या म्हणून फलक बंद पडला, असं मी माझ्या सत्कारातही सांगितलं आहे. ते खोटं आहे. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी फलकावर लिहिलं, "मी उद्या जातेय. कोणी आहे का?" कुठूनच काही आलं नाही. मी शेजारच्या खोलीत होतो; माझ्या स्क्रीनवर ती ओळ दिसत होती.

बऱ्याच वेळाने मशीन बंद करून त्या माझ्या दारात आल्या.

"येते, सर."

मी म्हणालो, "रिक्षा मिळेल ना?"